इरासाठी तीन शिक्षक

श्रीकांतने माझ्या टेबलावर एक कागद सरकवला. उभी तीन नावं, आडवे अकरा कॉलम. अंतर, अनुभव, विद्यार्थी किती, त्यांतले स्टेजवर किती गेले, बक्षिसं किती, असं बरंच काही. प्रत्येक रकान्यात दहापैकी मार्क आणि शेवटी बेरीज. श्रीकांत एका तेल कंपनीत पाइपलाइन डिझाइन करायचा. व्हॉल्व्हसाठी व्हेंडर निवडावा तसा त्याने मुलीसाठी गाण्याचा शिक्षक निवडायला घेतला होता.

"नंदाताई, तुम्ही फक्त एका नावावर टिक करा," तो म्हणाला. "आजच सगळ्यांना कळवून टाकतो."

त्याची बायको वृंदा शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. चौदा वर्षांची इरा तपासणीच्या उंच खुर्चीत होती. नाकात बधिर करायचा स्प्रे मारलेला, त्यामुळे चेहरा आंबट. शेजारच्या स्क्रीनवर तिच्याच गळ्याचं चित्र थांबवून ठेवलं होतं. आम्ही तिघं मोठी माणसं मात्र श्रीकांतच्या कागदाकडे बघत होतो.

ही २००४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी तेव्हा ह्यूस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, व्हॉइस क्लिनिकमध्ये, स्पीच पॅथॉलॉजिस्ट होते. आपल्या लोकांना हे काम समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ओळख करून दिली की समोरचा म्हणायचा, अच्छा, म्हणजे तोतऱ्या मुलांचं. तेही काम असतं, पण माझ्याकडे यायचे ते आवाज बसलेले लोक. शाळेतल्या शिक्षिका, चर्चमधले पाद्री, फोनवर माल विकणारे, आणि गाणारे. डॉक्टर नाकातून बारीक कॅमेरा घालून गळ्यात काय बिघडलंय ते बघायच्या. मग आवाज नीट वापरायला शिकवून तो दुरुस्त करायचं काम माझं. औषध नाही, सुरी नाही, नुसती तोंडाची मजुरी.

इराच्या गळ्यात नोड्यूल होते. ते काय असतं ते सांगते. आपल्या गळ्यात दोन नाजूक घड्या असतात, व्होकल कॉर्ड्स. आवाज काढला की त्या एकमेकींवर आदळतात, गाताना तर एका सेकंदात शेकडो वेळा. अलगद आदळल्या तर काही होत नाही. रोज जोर लावून आदळल्या तर घासतात त्या जागी दोन्हीकडे घट्टे पडतात, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. मग घड्या पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज घोगरा होतो आणि वरचे सूर लागत नाहीत. इराचे दोन घट्टे तांदळाच्या कणीएवढे होते.

माझी बॉस, डॉक्टर कॅरल, लहान मुलांच्या बाबतीत ऑपरेशनचा शब्दही काढायची नाही. तिने सरळ सांगितलं होतं. थेरपी करायची आणि मुळाशी जे कारण असेल ते थांबवायचं. तरीही घट्टे गेले नाहीत तर वर्षभर गाणं बंद, शाळेच्या कॉयरसकट, म्हणजे समूहगानासकट. ते ऐकल्यावर इरा पहिल्यांदा बोलली.

"बट द ऑडिशन इज इन नोव्हेंबर."

राज्यपातळीवरच्या कॉयरची ती पहिली पायरी होती. त्या वर्षी ती हायस्कूलला गेली होती आणि पोरीने उन्हाळाभर दुसरं काही डोक्यात घेतलं नव्हतं.

कारण शोधताना सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. शाळेची कॉयर टीचर म्हणाली होती, हे इंडियन सिंगिंगमुळे. वृंदाचं म्हणणं, पाच वर्षं शास्त्रीय शिकतेय तेव्हा काही झालं नाही, हे कॉयरमुळे. श्रीकांतने भांडण मिटवायला कागद केला होता. त्यातले पहिले एक सर होते. ते तीन महिन्यांत मुलांना स्पर्धेत उभं करायचे, आणि बेरजेत तेच सगळ्यांत वर होते. त्यांनी आठ वर्षांच्या मुलाला बेंबीच्या देठापासून गायला लावलेलं मी मंडळात ऐकलं होतं. त्यांचं नाव मी लगेच खोडलं. दुसऱ्या मिस बार्बरा, चर्चच्या कॉयरमधून रिटायर झालेल्या, चांगलं नाव असलेल्या. आणि तिसऱ्या शैलाताई, इराच्या तेव्हाच्या गुरू.

शैलाताई मूळच्या सोलापूरच्या. एका लॅबमध्ये नोकरी करता करता वीस वर्षं ह्यूस्टनच्या पार उत्तरेकडे आपल्या घरी मुलांना गाणं शिकवत होत्या. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये सतरंजी घालून नऊ मुलांचा वर्ग, आणि त्यानंतर एक तास एकट्या इराचा.

मी वृंदाला क्लिनिकच्या फॉर्मवरचे प्रश्न विचारले. शाळेत किती बोलते, मॅचला ओरडते का, पाणी किती पिते, गाण्याचा सराव किती. वृंदाने सांगितलं, रियाज रोज वीस मिनिटं. संध्याकाळी हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लावून, तानपुऱ्याचं मशीन सुरू करून. वीस मिनिटांनी काही घट्टे पडत नाहीत. मी वीस लिहिलं.

मग त्यांनी आणलेली पाडव्याच्या कार्यक्रमाची टेप पाहिली. शैलाताईंची नऊ मुलं एका ओळीत बसून गात होती, सगळी काळी पाचमध्ये. पेटीवरच्या ज्या पट्टीत 'सा' धरायचा ती प्रत्येक गळ्याला वेगळी लागते. इराचा आवाज मुळात ढाला, खालच्या पट्टीचा. ती वर जाताना तिच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला स्पष्ट दिसल्या.

इथे माझी एक जुनी जखम सांगायला हवी. नागपूरला धरमपेठेत मी तेरा वर्षांची असताना एका सरांकडे गायला जायचे. ते पंधरा जणींना स्वतःच्या सोयीच्या पट्टीत बसवायचे आणि आवाज फाटला की पेटी थांबवून नुसते बघायचे. वर्षभरात मी गाणं सोडलं. घरी म्हणाले, जाऊ दे, तुझ्या गळ्यात नव्हतंच. पुढे हे शिक्षण घेतलं तेव्हा कळलं की गळ्यात होतं. टेपमध्ये शैलाताई पेटीवर बसलेल्या होत्या, पण मला ते सर दिसत होते.

मी मिस बार्बरांच्या नावावर टिक केली.

"आय डोन्ट वॉन्ट टु लीव्ह शैलाताई," इरा म्हणाली.

मी तिला पाचेक मिनिटं समजावलं. अमेरिकेत शिकलेली, पांढरा कोट घातलेली बाई बोलायला लागली की समोरचं मूल गप्प होतंच. तीही झाली.

शैलाताईंना सांगणार कोण? वृंदा म्हणाली, आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार, तुम्हीच सांगा ना. मी लंच ब्रेकमध्ये फोन केला. पट्टीचं सांगितलं, घट्ट्यांचं सांगितलं, काही महिने दुसरी पद्धत बघू म्हणाले. 

"बरं," शैलाताई म्हणाल्या. "एक सांगते, नंदा. शनिवारी ती माझ्याकडे येते तेव्हाच तिचा आवाज बसलेला असतो. मी तिला आधी पाणी देते आणि अर्धा तास नुसतं ऐकायला बसवते. नव्या बाईंनाही तेवढं करायला सांग."

मला वाटलं, बाई हात झटकतायत. मी हो म्हणाले आणि बार्बरांना काही कळवलं नाही.

पुढचे सात आठवडे इराने थेरपी इमानदारीने केली. आमच्याकडे एक व्यायाम असतो. ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि त्यातून आवाज काढत बुडबुडे करायचे. तसं केलं की घड्या आदळत नाहीत, अलगद टेकतात. मोठी माणसं लाजतात, मुलांना मजा येते. इरा दर मंगळवारी येऊन मला बुडबुड्यांतून सरगम ऐकवायची. ओरडणं बंद, पाणी भरपूर, कॉयरमध्ये मागच्या रांगेत हळू. आठवड्याला एक क्लास बार्बरांचा.

ऑक्टोबरमध्ये कॅरलने पुन्हा कॅमेरा घातला. उजवा घट्टा तसाच होता. डावा थोडा वाढला होता.

इरा स्क्रीनकडे बघत राहिली. तिला आता ते चित्र वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं. कॅरलने त्या तिघांना बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"तू त्या दोन्ही शिक्षिकांचे क्लास पाहिलेस का?"

"नाही."

"मग निवडलंस कशावरून?"

फॉर्म, टेप आणि अनुभव, मी म्हणाले. कॅरल टेक्ससच्या खेड्यातली, आवाज चढवणं तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, बुधवारी दुपारी तुझा एक पेशंट कॅन्सल झालाय, जाऊन बस त्या क्लासला. मला फार लाज वाटली. पंधरा वर्षं नोकरी केल्यावर हे सांगावं लागावं!

बुधवारी मी शुगर लँड या उपनगरात इराच्या घरी गेले आणि तिथून वृंदाच्या मिनीव्हॅनमध्ये बसले. बरोबर आवाज मोजायचं छोटं यंत्र घेतलं होतं. बार्बरांच्या खोलीत मोठा पियानो आहे असं ऐकलं होतं, आणि त्याच्यावर मात करायला इरा जोर लावत असणार, असा माझा नवा तर्क होता. मी मागच्या सीटवर, पुढे दोघी. बार्बरांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. ऑक्टोबर असला तरी ऊन मी म्हणत होतं. वृंदाने एसी पूर्ण सोडला, बेल्ट लावला, गाडी बाहेर काढली आणि कॅसेट आत ढकलली.

"चल, कर सुरू."

टेपवर गेल्या बुधवारचा धडा होता. इरा त्याच्याबरोबर गायला लागली. फ्रीवेवर आलो तशी काँक्रीटवरच्या टायरची घरघर सुरू झाली. एक ट्रक बाजूने गेला. वृंदाने टेपचा आवाज वाढवला, इराने स्वतःचा. दुसरा ट्रक आला, पुन्हा तेच. सांगायला लाज वाटते, पण पहिली दहा मिनिटं मी कौतुकाने ऐकत होते. मग वृंदाने मला काहीतरी विचारलं आणि मला ऐकूच आलं नाही. मी पुढे वाकले, ती जवळजवळ ओरडून बोलली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पर्समधून यंत्र काढलं. त्यावरचा आकडा बघून मी ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं. आकडा तोच होता.

"वृंदा, हे दर बुधवारी असतं?"

"क्लासच्या दिवशी तर असतंच. आणि सकाळी शाळेत सोडताना, कॉयर प्रॅक्टिसला नेताना. वेळ कशाला फुकट घालवायचा?"

"मग फॉर्मवर तू वीस मिनिटं सांगितलंस."

"रियाज तेवढाच ना," वृंदा खरोखर गोंधळून म्हणाली. "हा काय रियाज झाला, पायात बूट घालून? ही नुसती उजळणी."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरीही रियाज म्हणजे मांडी घालून, हात धुऊन करायची गोष्ट होती. बसमध्ये, स्वयंपाक करताना गुणगुणायचं त्याला कुणी रियाज म्हणत नसे. माझा फॉर्म ज्याने तयार केला त्याला हे कळणं शक्य नव्हतं, पण मला शक्य होतं. शैलाताईंकडे जायला तर सव्वा तास लागायचा. पाच वर्षं दर शनिवारी ही मुलगी सव्वा तास ट्रकशी स्पर्धा करून तिथे पोचत होती आणि त्या तिला पाणी देऊन गप्प बसवत होत्या. त्यांनी मला ते फोनवर सांगितलंही होतं.

मी वृंदाला पुढच्या एक्झिटला उतरायला सांगितलं. एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावून मी समजावलं. पिठाच्या गिरणीत आपण आपोआप ओरडून बोलतो आणि आपण ओरडतोय हे आपल्याला कळत नाही. गळ्याला मात्र कळतं. ही गाडी म्हणजे इराची गिरणी आहे. शिक्षक कोणताही ठेवा, गाडीतलं गाणं बंद झालं पाहिजे, आजपासून.

वृंदाने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

मी काहीबाही म्हणाले, तुला कसं माहीत असणार वगैरे. ती ऐकत नव्हती. इथे आल्यावर पाच वर्षं तिला नोकरी करता येत नव्हती, व्हिसाच तसा होता. गाडी ती शिकली ती इराला क्लासला न्यायला. छापून घेतलेले रस्त्यांचे कागद मांडीवर ठेवून ती पहिल्यांदा शैलाताईंकडे गेली त्या दिवशी दोनदा चुकली होती.

"ताई, ही दिवसभर इंग्लिशमध्ये असते. माझ्याशीसुद्धा. मी मराठीत विचारते, ही इंग्लिशमध्ये सांगते. गाडीत तेवढे अभंगातले, बंदिशीतले शब्द तिच्या तोंडात असायचे. आता बार्बराची सगळी गाणी इटालियन, तरी म्हटलं, गाते तर आहे. तेही बंद केलं तर आम्ही दोघींनी गाडीत करायचं काय?"

 आमच्या अभ्यासक्रमात या प्रश्नावर धडा नव्हता. त्या इटालियन गाण्यांवर टिक मीच केली होती, हे मात्र मला चांगलंच लागलं.

"आई, यू सिंग," इरा खिडकीकडे बघत म्हणाली. "आय विल लिसन."

वृंदा म्हणाली, मला कुठे गाता येतं. इरा म्हणाली, आय नो. मग आम्ही टेप बंद करून गेलो.

मिस बार्बरा उत्तम शिक्षिका होत्या, हे कबूल केलंच पाहिजे. पियानो त्या बोटांनी कुरवाळत होत्या, माझा तर्क तिथेही आपटला. क्लास संपल्यावर मी त्यांना गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दर बुधवारी ती दमलेली येते हे माझ्या लक्षात आलं होतं, मला वाटलं शाळेमुळे. मी विचारलं, मग तुम्ही काय करायचात? त्या म्हणाल्या, काही नाही, आमची पंचेचाळीस मिनिटं ठरलेली आहेत, ती मी पूर्ण घ्यायची.

बार्बरा आणि शैलाताई, दोघींच्या कानांनी एकच गोष्ट टिपली होती. एकीने ठरलेलं शिकवलं, दुसरीने गप्प बसवलं. परतताना मी इराला पहिल्यांदा नीट विचारलं की तुला कुणाकडे जायचंय आणि का. ती म्हणाली, "शैलाताई. आय डोन्ट हॅव टु टेल हर." बस, एवढंच. हे मी ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

शनिवारी मी इरा आणि वृंदाबरोबर शैलाताईंकडे गेले. गॅरेजच्या बाजूच्या दाराशी लहान बुटांची रांग होती. आत सतरंजी, खिडकीतला एसी, भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली आणि मध्ये पेटी. वर्ग सुटेपर्यंत मी कोपऱ्यात बसले. मग मुलं गेल्यावर माफी मागितली. तुमची पद्धत न बघताच मी बोलले, तुम्ही फोनवर सांगितलं तेही ऐकलं नाही, असं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. नागपूरच्या सरांचंही सांगितलं, का कोण जाणे.

"तू आली होतीस कुठे ऐकायला?" शैलाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. मग त्या पेटीचा भाता लावत म्हणाल्या, "पट्टीचं मात्र तुझं बरोबर आहे. एकटीला शिकवताना मी तिला खालून गायला लावते. गटात सगळ्यांना एकत्र बसवायचं म्हणून काळी पाच धरते. ते चुकतंच. आता दोन गट करीन."

इराला परत घ्यायला त्यांची एकच अट होती. मी सांगेपर्यंत गायचं नाही.

किती दिवस, वृंदाने विचारलं. मी सांगेपर्यंत, शैलाताई म्हणाल्या. आणि ऑडिशन? शैलाताईंनी इराकडे बघितलं. इराने सतरंजीचा एक दोरा ओढला.

"नेक्स्ट इयर," ती म्हणाली.

ऑगस्टमध्येच मी त्या गाडीत बसले असते तर नोव्हेंबर कदाचित हातात होता. ते सात आठवडे माझ्यामुळे गेले. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. "इट्स ओके, मावशी," ती म्हणाली, वर न बघता. ओके नव्हतं ते, आणि मला आजही नाही.

मग नोव्हेंबर ते जानेवारी ती पेटीशेजारी बसून नुसती ऐकायची. शैलाताईंनी तिला काम दिलं होतं. कुणाचा सूर हलला की बोट वर करायचं. लहान मुलं तिला शैलाताईंपेक्षा जास्त घाबरायला लागली. ऑडिशनच्या दिवशी शनिवारच होता. तिच्या दोन मैत्रिणी तिकडे गेल्या आणि ही बोट वर करत बसली. त्या दिवशी शैलाताईंनी वर्ग संपल्यावर तिला शिरा करून घातला. हे वृंदाने मला फोनवर सांगितलं.

गाडीत वृंदा गायची. तिचा गळा कोरडा आणि सूर मनाला येईल तिथे. ती चुकली की इरा हात खाली-वर करून दाखवायची. पण गाडी चालवणारी बाई रस्त्याकडे बघणार की हाताकडे? शेवटी इरा हळूच सांगायला लागली. खाली. अजून खाली. नाही, आई, तो कोमल आहे. हे सगळं मराठीत, कारण गाण्यातलं काही सांगायला तिला शैलाताईंचेच शब्द येत होते. वृंदाने मला हे सांगितलं ते डोळे पुसत. तिला गाण्याचं काही पडलं नव्हतं. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, मुलगी तिला मराठीत रागवत होती.

जानेवारीच्या शेवटी कॅरलने पुन्हा कॅमेरा घातला. दोन्ही घड्यांच्या कडा स्वच्छ, सरळ. कॅरलने इराला एक सूर लांब धरायला सांगितलं. नाकात नळी असताना तिने 'सा' लावला, तिच्या स्वतःच्या खालच्या पट्टीत. तीन महिन्यांत पहिला. स्क्रीनवर घड्या मिटत होत्या, उघडत होत्या, कुठे फट नव्हती. मागे उभी असलेली वृंदा नकळत त्यात सूर मिसळायला गेली. इराने मान न वळवता हात खाली केला. कॅरलला काही कळलं नाही, मी मात्र स्क्रीनकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघायला लागले.

पुढच्या वर्षी इराने ऑडिशन दिली, थोडक्यात हुकली. त्याच्या पुढच्या वर्षी निवड झाली. आता ती जनावरांची डॉक्टर आहे, लांबच्या गावात, आणि रविवारी कुठल्याशा कॉयरमध्ये गाते. शैलाताई मुलाकडे राहायला गेल्या, गॅरेजमध्ये आता नव्या मालकाच्या गाड्या असतात. मी रिटायर झाले. कधी कधी फ्रीवेवर शेजारून मिनीव्हॅन गेली आणि आत कुणी तोंड हलवताना दिसलं की मला ती गाडी आठवते, त्या दोघी आठवतात, आणि फार बरं वाटतं.

आमच्या क्लिनिकच्या फॉर्मवर मी एक प्रश्न वाढवून घेतला, गाडीत गाता का. कॅरलने हसून सही केली.

अजूनही मंडळातले आईबाप फोन करतात. मुलीला आवाज आहे, गाण्यासाठी कुणाकडे घालू? मी नाव सांगत नाही. मी म्हणते, आधी मुलीला विचारा. मग तिच्याबरोबर गाडीत बसून क्लासपर्यंत जा, आणि तिचा आवाज बसलेला असेल त्या दिवशी तिथे कोपऱ्यात बसून बघा, त्या बाई काय करतात. त्यावर पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. एवढा वेळ नाही हो, तुम्ही फक्त एक नाव सांगा.